नऊ, तीन, एक

मेहरूण, जळगाव
१२ ऑगस्ट २०२५

चि. सौ. दिपमाला हीस नानाचे अ. उ. आ.

आम्ही इथे ठीक. काकूचे गुडघे कुरकुरतात आणि ती माझ्यावर कुरकुरते. जावईबापू आणि रोशनी कशी आहेत? फोनवर हे बोलायला जीभ रेटेना, म्हणून कागद घेतला.

शेजारची रुपली अकरावीला आहे. श्रेढीची गणितं घेऊन माझ्याकडे येते. परवा तिला घातलं: भूमिती श्रेढीतल्या तीन संख्या, बेरीज तेरा, गुणाकार सत्तावीस. माझ्या टिपणवहीत तीस वर्षं उत्तर एकच, एक, तीन, नऊ. पोरीनं लिहिलं नऊ, तीन, एक. मी लाल पेन उचललं, तर म्हणते, सर, करून तर बघा. केलं. बेरीज तेरा, गुणाकार सत्तावीस. तिप्पट करत चढा, नाहीतर तिसरा हिस्सा करत उतरा, दोन्ही खरं.

अन् तू आठवलीस. दहावीत तूही फळ्यावर हेच लिहिलं होतंस. मी भर वर्गात म्हणालो, "उलटी अक्कल," आणि तुझ्याच हातानं पुसायला लावलं. पुढे पोरं तुला उलटी म्हणायची, तेही मी ऐकत होतो. निकालानंतर तुझे आबा, म्हणजे माझा दादा, विचारायला आला, तेव्हा मीच त्याला सांगितलं, सायन्सला घालू नको, गणित हिच्या डोक्यातलं नाही. गाढव मी. चुकलो, बाई. अजून शिकायचं मनात असेल तर पुस्तकं घेऊन दर रविवारी गाडीनं नरडाण्याला येईन.

रागव हवं तर, पण दोन ओळी धाड.

तुझा,
नाना

नरडाणा, ता. शिंदखेडा
२३ ऑगस्ट २०२५

ती. स्व. नानांस दिपमालाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. आम्ही खुशाल. रोशनी पहिलीत गेली. पाढे म्हणताना थेट तुमच्यासारखी भुवई चढवते.

नाना, माझं उत्तर बरोबर आहे हे मला त्याच दिवशी माहीत होतं. बाकावर येऊन वहीच्या मागच्या पानावर दोनदा पडताळलं होतं. पण आईनं बजावलेलं, शाळेत ते काका नाहीत, सर आहेत, उलट बोलायचं नाही. वर्गापुढे तुमचा शब्द खाली पडू नये असंही वाटलं. मी गप्प बसायला नको होतं. सगळं तुमच्याच माथी कशाला मारू?

घरी मात्र आबांना वही दाखवली होती. चौथी शिकलेला माणूस, त्यांना काय उमगणार? वही मिटून म्हणाले, "नाना सांगस ते बठ्ठं खरं शे, बेटा." तुमचं सगळंच खरं, एवढंच त्यांना ठाऊक.

रविवारी जरूर या. शिकेन की नाही, ते बघू. तुमच्यावरचा राग कधीच विरला. पण आबांना जाऊन दोन वर्षं झाली. शेवटच्या दुखण्यात रोशनीला जवळ घेऊन सांगत होते, तुझ्या आईला सगळं येई, तिचा काका एवढा मास्तर असून एक गणित तेवढं तिला जमलं नाही. हे पत्र तेव्हा आलं असतं, तर मी त्यांना वाचून दाखवलं असतं.

काकूंना नमस्कार. माया आहे तशीच राहू द्या.

आपली,
दिपमाला