हसू नका, समोर बघा

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त उभ्यानेच). तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? त्या पासपोर्टच्या फोटोपासून आठ महिने तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद. इकडे सगळं क्षेम आहे, फक्त मधे आळीतल्या एक्कावन्न माणसांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

झालं असं, की वाचनालयाच्या भिंतीवर आळीतली जुनी-नवी माणसं रंगवायचं सभेत ठरलं. आळीत फोटोग्राफर मी, चित्रकारही मीच, त्यामुळे काम ढकलायला दुसरा कुणी उरलाच नाही. (सभेला गेलं की काम गळ्यात पडतं, हे मला तीस वर्षांत उमगलेलं नाही.) आता एवढ्यांना समोर बसवणार कधी? म्हटलं, दुकानात सगळ्यांचे पासपोर्टचे फोटो आहेतच की! कान दिसतात, नाक मधोमध, उजेड सारखा. महिनाभर शिडीवर उभा राहून एकेक चेहरा हुबेहूब उतरवला.

पडदा काढला आणि सगळे गप्प. मला वाटलं, भारावले. मग शिंपी म्हणाला, "हे सगळे कुठल्या गुन्ह्यात हवेत?" तेव्हा मी रस्त्यापलीकडे जाऊन पहिल्यांदा अख्खी भिंत पाहिली. बावन्न माणसं, ओठ मिटून, डोळे वटारून, रांगेत. तीस वर्षं ज्याला त्याला "हसू नका, समोर बघा" म्हणून दटावलं, त्याचं फळ चौदा फूट उंच उभं होतं. (बेकरीवाल्याची बायको तेवढी नवऱ्याच्या चित्राकडे बघून "हे मात्र जमलंय" म्हणाली.) वाचनालयाच्या सेक्रेटरींनी सांगितलं, तिसऱ्या रविवारपर्यंत सुधारा, नाहीतर चुना फासतो.

मग दुकानाबाहेर खुर्ची टाकली आणि येईल त्याला हसवू लागलो. माझ्या विनोदांना कुणी हसेना (तुला ते पाठच आहेत). शेवटी कॅमेऱ्याच्या स्टँडला अडखळून मी पाण्याच्या बादलीत बसलो, तेव्हा अख्खी रांग खदखदली. त्या दिवशी आणखी चारदा मुद्दाम पडलो. कंबरेचं कारण हे. एक्कावन्न चेहरे आता हसताहेत आणि त्यांचे मालक बोलताहेत.

बाकी ठीक. भावोजींना नमस्कार.

तुझा,
भाऊ

ता. क. : बावन्नावा चेहरा आईचा. ती जाऊन सहा वर्षं झाली आणि फोटोग्राफराच्या घरात तिचा हसरा फोटो एकही नाही. माझ्यासमोर नीट बसली ती पेन्शनच्या फोटोला, तेव्हा मी तिलाही "तोंड मीट" म्हटलं. ती हसायची कशी, ते आता फक्त तुझ्या चेहऱ्यावर बघायला मिळतं. मुदत येत्या रविवारची, त्याच्या आत ये.

ता. क. २ : चारचौघांत "ताई, हसू नकोस, तोंडावरचा हात काढ" म्हणून तुझ्यावर पाचदा ओरडलो, ते माझं चुकलंच. या वेळी हात असू दे. आईचाही तिथेच असायचा.