वेल्समधलं बारसं

आई, आज इथे ट्रॉय गावातल्या दुकानात डॅफोडिल्सच्या जुड्या दिसल्या आणि मला तुझा राग आला. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण तू होतीस तेव्हा तरी तुझ्यावर रागवायची सोय कुठे होती? दरवर्षी ईस्टरच्या आधीच्या रविवारी तू ही फुलं स्टीलच्या पेल्यात घालून खिडकीत ठेवायचीस, देवापुढे नाही. का, म्हणून विचारलं की, "असू देत गं," एवढंच.

ऐंशीच्या दशकातली ती सुट्टी मला अजून लख्ख आठवते. मामाच्या लग्नाला भारतात जाताना बाबांनी मध्ये वेल्सचे तीन दिवस काढले. अमेरिकेला येण्याआधी ते तिथल्या खाणींच्या गावात डॉक्टर होते, आणि त्यांना त्या एवढ्याशा देशाचं कोण कौतुक! किल्ले, मेंढ्या, दोन भाषांतल्या पाट्या, चॅपलमधलं गाणं, आणि तव्यावर भाजलेले ते बेदाण्यांचे केक, जे तू ट्रॉयला पोळीच्या तव्यावर करायचीस. तू मात्र गाडीत तोंड फिरवून बसलेली. "आई, आर यू मॅड ॲट अस?" मी विचारते. तू काच आणखी थोडी वर घेतेस.

रविवारी बाबा गाडी त्या जुन्या गावात आणतात. टेकडीवरच्या दफनभूमीत सगळं गाव लोटलंय, हातात बादल्या, ब्रश, फुलं. ईस्टरच्या आधीच्या रविवारी तिथले लोक दरवर्षी आपापल्या माणसांच्या कबरी घासूनपुसून फुलांनी सजवतात.

"अगं, उतर ना. इतक्या लांब आलोय," बाबा म्हणतात.

"आपल्यात एवढ्या लहानाचं मागे काही करत नाहीत. तुम्हाला माहीत होतं ना? मग मला का आणलंत इथे?"

कोण लहान, मी विचारलं, तेव्हा बाबांनी सांगितलं. माझ्याआधी तुला मुलगा झाला होता. बारशाआधीच गेला. आपल्या रीतीप्रमाणे त्याला पुरलं, बाबांनी वर एक दगड बसवला, आणि तू तिकडे कधी फिरकली नाहीस. मला भाऊ होता हे मला गाडीच्या मागच्या सीटवर कळत होतं.

तेवढ्यात एक म्हातारी बादली घेऊन तुझ्या खिडकीशी आली. तुमची तेव्हाची शेजारीण, ते केक तुला तिनेच शिकवलेले. तिने तुझा हात धरला आणि इंग्रजीत म्हणाली, "दरवर्षी मी त्याचा दगड धुते. पण त्याला हाक काय मारू? वर नावच नाही."

तू आधी वर टेकडीकडे पाहिलंस. मग काच पूर्ण खाली केलीस, तिला जवळ ओढलंस आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलंस. म्हातारी सावकाश टेकडी चढली, एका लहानशा दगडाशी वाकली. तिचे ओठ हलले. पाळण्याशी वाकून आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, तशीच. आणि इकडे गाडीत तू अगदी हळू म्हणालीस, "कुर्रर्र."

ते नाव तू बाबांना सांगितलं नाहीस, मलाही नाही. पुढे एकदा विचारलं तर म्हणालीस, "ज्याचं त्याला कळलं. तुला कशाला?" फार लागलं मला ते. मी त्याची बहीण होते ना? आता बाबा नाहीत, तू नाहीस, ती शेजारीणही केव्हाच गेली असेल. ते नाव जगात कुणालाच ठाऊक नाही, या विचाराने जीव कासावीस होतो.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? आज डॅफोडिल्स तुझ्याच पेल्यात ठेवली. "हू आर दीज फॉर?" लेकीने विचारलं. "असू देत गं," मी म्हटलं, थेट तुझ्या सुरात. ती गेल्यावर मी पेल्याशी वाकले. आधी नाव सांगायचं असतं, म्हणून जरा थांबले. मग नुसतंच कुर्रर्र म्हटलं.