बिनउपयोगाचं विमान

१२ डिसेंबर, शुक्रवार

पंख गेला! चपला चिकटवायचा गम लावला आणि थर्माकोल डोळ्यांदेखत विरघळला. नव्या फ्रिजच्या खोक्यातला सगळ्यात चांगला तुकडा होता तो. सासूबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या — त्यांचे हात कधी रिकामे नसतात. म्हणाल्या, "बरं झालं. इमानाचा काय उपेग हाय गं तुला, छाया?"

काय सांगणार? उजाडल्यापासून माझेही हात उपयोगीच असतात. धारा, डबे, द्राक्षबागेतल्या बायांचा चहा, परत धारा. एक गोष्ट अशी हवी की जिच्यातून या घरात कोणाला काही मिळत नाही. एकच. फक्त मला आवडते म्हणून. तेवढीही मागू नये?

उद्या दुसरा पंख कापणार.

१४ डिसेंबर

मोटर, रिमोट, बॅटरी — सगळं समर्थचं. दोनदा विमान आपटलं, लेकाची हौस फिटली, हॉस्टेलला जाताना खोकं माळ्यावर टाकून गेला. आज फोनवर सांगितलं, मी नवं बनवतेय. हसला. "आई, तुला नाही जमणार. दिसतं तेवढं सोपं नसतं ते."

अस्सं? आणि दर दिवाळीचा किल्ला, शाळेचे सगळे प्रोजेक्ट कोणी केले होते रे बाळा?

फेविकॉल थर्माकोलला खात नाही. वाळायला वेळ लावतो, पण आपल्याला कुठे जायचंय.

२८ डिसेंबर, रविवार

उडालं आणि आपटलं. डावीकडे वळवलं तर उजवीकडे गेलं, थेट गोठ्याच्या भिंतीवर! पंखाची पट्टी हलवणारी तार मीच उलटी जोडली होती. नवरोबा बांधावरून बघत होते. "झालं समाधान?"

नाही झालं. फक्त नाक तुटलंय.

५ जानेवारी

नवं नाक. पंखाखाली दोन बोटं धरून तोल पाहिला तर शेपटीकडे कलत होतं. नाकात मोडक्या कुलपाची कडी बसवली. आता सरळ राहतं.

९ जानेवारी

उडालं. खरंच उडालं! विहिरीवरून गेलं, बागेवरून गेलं, वळवलं तसं वळलं. रडू आलं, हसूही आलं. कोणाला हाक मारली नाही, कोणाला बोलवावंसंच वाटलं नाही. बागेतून पोपटांचा अख्खा थवा उठून पळाला, त्याचं जरा वाईट वाटलं. गवतावर घसरत उतरवलं. एक ओरखडा नाही.

परतताना पाहिलं, तर हे पाण्याच्या मोटरीपाशी उभे. विमानाकडे नाही, पोपट गेले तिकडे बघत होते.

११ जानेवारी

सकाळी चहाबरोबर हुकूम. द्राक्षात गोडी उतरायला लागलीय, पाखरं तुटून पडतील. "यंदा बागेवर जाळी नको टाकायला. तू सकाळ-संध्याकाळ विमान फिरव." शेजारच्या बागेच्या चिमाजीनानांनाही सांगून आले — "आमच्याकडे विमान आहे."

आमच्याकडे! परवापर्यंत तुझं खूळ होतं.

२० जानेवारी

सकाळी फिरवलं. संध्याकाळी फिरवलं. मधे नानांच्या बागेवरही फिरवलं. नाना खूश. "लय उपेगी काम हाय बरं का, सूनबाई." मनात म्हटलं, घात झाला.

एक गिरकी मारून बघायची होती. नुसती, हवेत गोल. हे लगेच म्हणाले, "बॅटरी वाया नको घालवूस."

धारा, डबे, चहा, विमान. गेलं तेही कामात.

२७ जानेवारी

बॅटरी माझ्या पत्र्याच्या पेटीत. पेटीला कुलूप. किल्ली मंगळसूत्रात.

म्हटलं, "जाळी आणा. विमान माझं आहे, बागेच्या चाकरीला लावलेलं नाही." केवढे भडकले! "पाखरांनी बाग खाल्ली तर जबाबदार कोण?" बाग माझी नाही का? घडांची विरळणी उन्हात उभं राहून कोणी केली? माझी आहे म्हणूनच जाळी आणा म्हणतेय.

अबोला. असू दे. मलाही येतो.

३० जानेवारी

हे जाळीचं नाव काढत नाहीत. आज कडेच्या ओळीतले घड फोडलेले दिसले. इतक्या निगुतीने वाढवलेले, मलाच बघवेना. पेटी उघडली. हरले तर हरले. पण अट घातली — आधी माझी गिरकी, मग तुमची पाखरं.

१ फेब्रुवारी, रविवार

आधी गिरकी मारली. अशी सुरेख आली! मग विमान बागेवर खाली आणलं.

एकही पोपट उठला नाही. परत नेलं, आणखी खालून. एकाने मान वर केली, बघितलं, आणि पुन्हा मणी सोलायला लागला. सरावली पाखरं! दोन साळुंक्या तर विमानाच्या मागे मागे थोड्या उडून आल्या. हे डबा बडवत ओळीओळीतून धावले. शेवटी दमून बांधावर बसले आणि जाळीवाल्याला फोन लावला.

मग माझ्याकडे वळले. "आता काय उपयोग याचा?"

"काही नाही," मी म्हटलं. या घरात इतक्या आनंदाने कधी कशाला उत्तर दिलं नव्हतं.

८ फेब्रुवारी, रविवार

जाळी लागली. संध्याकाळी विमान घेऊन पडीक वावरात गेले, तर मागून सासूबाई. हातात विळा नाही, लसूण नाही, काहीच नाही. मी विचारलं, "आत्याबाई, काही काम होतं का?"

"काय नाय," म्हणाल्या. "इमान बघाया आले."