टाकीतली हळद

९ सप्टें., मंगळ.
गणपती गेले आणि घर एकदम रिकामं. फौजेतून सुटून तीन महिने झाले, अजून पहाटे चारला डोळे टक्क उघडतात. उठून करायचं काय? बायको मंगल आणि पोरगी पुण्यात, पोरीची बारावी संपेपर्यंत हलणार नाहीत. मी इथं गावी, दादा-वहिनींच्यात. म्हशीलासुद्धा माझा कंटाळा आला असेल.
आज माळा झाडायला घेतला, तर पोत्यात गुंडाळलेलं दादाचं कटर सापडलं. लाकूड कापायचं मशीन. ह्याच्यावर दादानं शिराळ्यापासून वरपर्यंत किती झाडं उतरवली. सात वर्षांमागं कोयनानगरच्या घाटात, रस्त्यावर पडलेलं झाड कापताना पातं उसळलं आणि मांडीत गेलं. तेव्हापासून मशीन माळ्यावर, दादा सोप्यात.
खाली आणलं. म्हटलं, चालू करतो. "बघ की," दादा एवढंच बोलला. वहिनी उठून आत गेल्या.

११ सप्टें., गुरु.
दोरी ओढली, ढिम्म. चेन गंजून पात्याला धरलेली. डिझेलच्या डब्यात बुडवून ठेवली. एअर फिल्टरमध्ये कुंभारमाशीचं घर. प्लग काळा ठिक्कर. एका स्क्रूचं डोकंच गेलं, शिव्या घातल्या, त्या हिंदीत. हाताला काम लागलं तशी भूक लागली.
मला दादा पुन्हा झाडाखाली उभा राहिलेला बघायचाय. बस्स. मशीन खांद्यावर टाकून निघायचा तेव्हा काय चाल होती त्याची. आता दाव्याला बांधलेल्या शेळीसारखा सोपा ते गोठा, गोठा ते सोपा.

१४ सप्टें., रवि.
शिराळ्याला सलीमभाईकडं नेलं. मोटरसायकल, फवारणीपंप, काहीही नेलं तरी नाही म्हणत नाही. टाकी उलटी केली, तर पिवळा-तांबडा गाळ. त्यानं बोटावर घेतला, वास घेतला. "ह्याला तर हळद लागलीया. लगीन कवा हाय?"
तिथं लय हसलो. येताना गाडीवर हसू गेलं. खंडेनवमीला आमच्यात सगळी अवजारं पाटावर मांडतात, वहिनी हळदकुंकू लावतात, त्यात माळ्यावरून तेवढ्यापुरतं उतरवलेलं हे कटरही असतं. पण ते वरून. टाकीला आट्यांचं झाकण आहे. आपोआप आत कसं जाईल?

१८ सप्टें., गुरु.
दादा रानात गेलेला बघून वहिनींना विचारलं. सरळच विचारलं, मला फिरवून बोलता येत नाही. भाकरी थापत होत्या, हात थांबला नाही. म्हणाल्या, व्हय, दरवर्षी पूजा झाली की झाकण काढून हळदीकुंकवाचं पाणी मीच ओतते.
"समदी अवजारं चालावीत म्हणून लोक पूजा करत्यात. मी ह्याला हात जोडून म्हणती, पडून ऱ्हा बाबा."
दादाला माहीत आहे?
"न्हाई. आन् तुमीबी सांगू नका, भाऊजी. तुमी पोरीची परीक्षा झाली की जाल पुण्याला. ह्यांचं रगात म्या पुसलंय."
राग आला. मशीनची वाट लावली म्हणून, की मला परकं केलं म्हणून, ते धड कळेना. रुसून बसलो, तर ताट वाढून समोर ठेवून गेल्या. जेवलो.

२० सप्टें., शनि.
मंगलचा फोन. सगळं सांगितलं. ती म्हणाली, तुमचे हात शिवशिवतात म्हणून दुसऱ्याच्या संसारात कशाला पाना घालता. मी फोन ठेवला. खरं बोलायला लागली की मी फोन ठेवतोच.
सोडून द्यावं, असं दुपारपर्यंत ठरत आलं होतं. दुपारी कराडला जाऊन कार्बोरेटरचं किट घेऊन आलो.

२२ सप्टें., सोम. घट बसले.
वहिनींचे उपवास, नऊ दिवस पायात चप्पल नाही. मी सोप्यात कार्बोरेटर धुऊन नवं किट बसवलं. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळलं. चेन चढवली, ताणली, स्वतःवरच खूश. तोवर मागून दादा, "उलटी बसवलीयास. ह्यानं लोणी तरी कापंल का रं?"
एवढ्या दिवसांत मशीनवर पहिल्यांदा बोलला. सुलटी केली. मग त्यानं कानस मागून घेतली आणि एकेक दात घासत बसला, जेवायला उठेना. मला आनंदानं काही सुचेना. आत भांडं जरा जोरात आपटलं.

२५ सप्टें., गुरु.
चालू झालं. आधी नुसतं फुरफुरलं, मग धूर, मग तो आवाज. म्हशीनं दावं ताणलं. मी ओरडलोही असेन.
वळून बघतो तर दादाचा हात मांडीवर, घट्ट. तोंडावर रंग नाही. बंद केलं. "चांगलं वाजतंय," म्हणाला आणि पाय ओढत रानाकडं गेला. वहिनी दारात, पिठाचे हात तसेच. माझ्याकडं बघितलं नाही.
मला वाटलं होतं आवाज ऐकला की दादा उठेल. उठला, पण गेला भलतीकडंच.

२८ सप्टें., रवि.
आवाज गावात पोचला. शाळेमागची निलगिरी पत्र्यावर कललीय, ती दादानं उतरवावी, असा सरपंचांचा निरोप. दादा म्हणाला, "दसरा हुंद्या." हे हो की नाही? विचारलं तर तंबाखू मळत बसला.
वहिनींना सांगावं का, की दादालाही भीती वाटते, मी डोळ्यांनी बघितलंय. दादाला सांगावं का, की तुझ्या टाकीत... दोघांचंही माझ्यापाशी, आणि मी तिसराच. माळा कुणी सांगितला होता झाडायला?
काल रात्रभर कूस बदलली. आज सकाळी परत तेच मशीन पुसत बसलो.

३० सप्टें., मंगळ.
टाकी काठोकाठ भरली. झाकणातून थेंब येत होता, म्हणून नाणं घालून आवळलं. मुद्दाम नाही. थोडं मुद्दाम. वहिनी समोर बसून उद्याची झेंडूची फुलं निवडत होत्या.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी.
पाटावर विळे, खुरपी, कुऱ्हाड, पहार, आणि कटर. दरवर्षीसारखं ते दादानंच पाटावर ठेवलं आणि म्हशीला पाणी दाखवायला गेला. वहिनींनी सगळ्यांना हळदकुंकू लावलं, फुलं वाहिली. मग हळदीच्या पाण्याचा तांब्या उचलून माझ्याकडं बघितलं.
अडवायला पाहिजे होतं. एवढे दिवस राबलो होतो. मी तोंड फिरवून भिंतीकडं बघत राहिलो.
झाकण निघेना. त्यांनी पदर लावून पिळलं, तरी नाही.
"ह्ये घट्ट कसं, भाऊजी? दरवर्षी तर नुसत्या हातानं निघतंय."
उत्तर मागून आलं. दादा दारात उभा होता, हातात रिकामी बादली.
"दरवर्षी मी सैल करून ठेवायचो."
वहिनी त्याच्याकडं बघतच राहिल्या. सात वर्षं. दोघं एकाच घरात. मला तिथून निघून जावंसं वाटलं.
वहिनींनी विचारलं, "मग ह्या वर्षी?"
दादानं बादली खाली ठेवली.
"ह्या वर्षी न्हाई केलं."
वहिनींनी तांब्या खाली ठेवलेला नाही. दादा चौकटीला टेकून उभा आहे. मी बाहेर कट्ट्यावर येऊन हे लिहितोय.