उत्तर ठेवायला जागा

बुधवार, संध्याकाळ. एकोडी.

सापडलं एकदाचं! धानाचा ओलावा मोजायच्या यंत्राची सी भाषेतली तयार कोडची लायब्ररी ओलावा, तापमान, वजन असं सगळं एकाच स्ट्रक्चरमध्ये, म्हणजे एकाच गठ्ठ्यात, परत देते, आणि माझा प्रोग्राम एकच आकडा येणार असं धरून बसलेला. उत्तर ठेवायला जागाच नाही, मग कोसळणार नाही तर काय! आणि मी दोष देत होते लायब्ररीला.

मिल चालवणारे काका दुपारी म्हणाले, "बंद पडला तं पुन्हा चालू कर ना वो. उद्या मिलवर लोकं धान घेऊन येऊन राहिले." पण कधी कधी तो कोसळायचा नाही, नुसता भलताच ओलावा दाखवायचा. कोणाचं वाळलेलं धान ओलं म्हणून परत गेलं असतं तर? म्हणून चूक शोधतच बसले.

आईला सांगितलं तर हसली. "म्हंजे ताडपत्री न टाकताच धान ओतलं म्हन ना! शाळेत जायच्या आधी हेच तं शिकवलं होतं तुले." खरंच, मोजणी तिने मला अंगणात धान मोजतच शिकवली. आधी ताडपत्री, मग पायली.

आता स्ट्रक्चरचा आकार प्रोग्रामला आधीच सांगितला. घरच्या धानाची मूठ पुन्हा पुन्हा तपासली, दर वेळी तोच आकडा. अजून एकदा बघू का? नको. तोच येणार, आणि तो जास्तच आहे. आमचंच धान ओलं.

"बंद होता तेच बरं होतं," म्हणत आई ताडपत्री झटकायला गेली. उद्या आमचं धान मिलवर नाही, उन्हात जाणार. मला मात्र आज झोप लागेल.