टाकीचं लाल टोपण

गुरुवार, १५ मार्च १९३४

वखारीच्या करवतीचं इंजिन आलं! दिघीच्या धक्क्यावर पडावातून उतरवलं, बैलगाडीत घातलं, आणि आठ जणांनी हुप्प हुप्प करत वखारीत बसवलं. दीड महिना मुंबईत होतं. पिस्टन नवा, रिंगा नव्या, टाकी नवी — टाकीला लालभडक रंग. दुरुस्तीचा आकडा अण्णांनी मला, पोटच्या लेकीला, सांगितलाच नाही, त्यावरून काय ते समजले.

दयाराम मिस्त्री इंजिनाबरोबर गेला होता, बरोबरच आला. "ताई, शिवणाच्या यंत्रावानी चालतंय," म्हणतो. बघू.

घाई आहे. केसर कोळणीचा नवा मचवा किनाऱ्यावर एका बाजूने उघडा उभा आहे, फळ्यांवाचून. १४ एप्रिलला अधिक वैशाख लागतो. अधिकात नवी होडी पाण्यात लोटत नाहीत, आणि अधिक संपेपर्यंत पावसाळा दारात. म्हणजे महिन्याच्या आत फळ्या कापून, ठोकून, मचवा पाण्यात जायला हवा.

जेवताना अण्णांनी सांगून टाकलं — या खेपेला इंजिन चाललं नाही तर विकून टाकीन, वखार बंद. आणि मी? मी पालीला, दिरांकडे. पालीला मी पाच महिने काढलेत. पहाटेपासून चूल, आणि दिवसभर कोणी नावाने हाक मारत नाही. पुन्हा नाही जाणार!

शुक्रवार, १६ मार्च. पाडवा

इंजिनाची पूजा झाली. शेजारच्या नीराबाईंनी चाकाला हळदकुंकू वाहिलं. मी आणि गोदूआत्या आतून बघत होतो. दोघी विधवा, आमचं तिथे काय काम! मला पाच वर्षं झाली, आत्याला तीस. आत्या या बाबतीत भटजींहून कडक. मी जरा उंबऱ्यापाशी सरकले तर लगेच, "कोकिळे, मागं हो."

दुपारी सगळे कलंडल्यावर मी एकटी वखारीत गेले. ओंडक्यांची मापं मी घेते, नंबर मी घालते, इंजिन किती घासलेट पितं ते मला पाठ. आणि पूजा करायची नीराबाईंनी, ज्या इंजिनाला बंब म्हणतात! चिमूटभर कुंकू पाण्यात कालवून टाकीच्या टोपणावर बोट टेकवलं. टोपण उंचावर, त्यातून लालच — कोणाला दिसणार? फार बरं वाटलं. वहीत खोटं कशाला लिहू?

सोमवार, १९ मार्च

पहिला ओंडका. पाव तास झकास. मग इंजिनाला धाप लागली, करवत लाकडात अडकली, पट्टा घसरला, सगळं बंद. दयारामने टोपण काढून टाकीत डोकावलं — घासलेट आहे अर्ध्यावर. टोपण लावून चाक फिरवलं, लगेच सुरू! पाव तासाने पुन्हा बंद.

दिवसभर हेच. दोन फळ्या निघाल्या, त्याही वाकड्या.

मंगळवार, २० मार्च

दयाराम म्हणाला, घासलेटात पाणी आहे. फडक्यातून दोनदा गाळलं. पाव तास.

गुरुवार, २२ मार्च

काल करवतीला धार लावली, पट्ट्याला राळ चोळली. आज नळी सोडवून फुंकली. दयारामच्या तोंडात घासलेट गेलं, बिचारा संध्याकाळपर्यंत थुंकत होता. पाव तास!

केसर येऊन कमरेवर हात ठेवून उभी. "तुमचं इंजान माज्या सासऱ्यावानी खोकतंय गो! सासरा तरी दमला की निजतो. माजा मचवा काय अधिकात उघडाच बसवू?" मी म्हटलं, केसरबाई, होईल. "कवा होईल? तारीक सांग!" तारीख मला कुठे माहीत? पण होईल म्हटलंय, तर करणार.

रविवार, २५ मार्च

नीराबाई बोलल्या. मला ऐकू जाईल इतक्या हळू. "नवं इंजिन, पाडव्याची पूजा, तरी बिघाड. पांढऱ्या कपाळाची बाई सारखी हात लावते, मग दुसरं काय होणार?"

आणि अण्णांनी ऐकून घेतलं! रात्री मला म्हणाले, "थोडे दिवस वखारीत येऊ नकोस." माझ्याकडे बघून नाही म्हणाले, ताटाकडे बघून म्हणाले. मी रडले नाही. राग इतका आला की रडायला जागाच उरली नाही.

येऊ नको म्हणाले. ऐकू नको असं नाही म्हणाले. मागच्या पडवीतून इंजिनाचा आवाज स्वच्छ येतो, घड्याळही तिथेच आहे.

बुधवार, २८ मार्च

तीन दिवस पडवीत तांदूळ निवडत बसले आहे. एवढे निवडलेले तांदूळ या घराने कधी खाल्ले नसतील. दर वेळी इंजिन किती मिनिटं चाललं ते खडूने भिंतीवर. सोळा, चौदा, पंधरा, सोळा. विश्रांती दिली तरी तेच, न दिली तरी तेच. म्हणजे तापल्यामुळे बंद पडत नाही!

आज सकाळी मात्र — पन्नास! पन्नास मिनिटं चाललं, ते मग दयारामने जेवायला म्हणून थांबवलं. मी दारातून वाकून पाहिलं. सुरू करायच्या आधी दयाराम टाकी भरत असताना केसर भांडायला आली होती, तो तिच्याशी बोलण्यात गुंतला, आणि टोपण फळीवरच राहिलं. जेवून आल्यावर त्याने ते लावलं. पुन्हा पंधरा मिनिटांत बंद.

टोपण!

गुरुवार, २९ मार्च

माणसं जेवायला गेली तशी गेले. बंदी मोडली. टोपण काढून उलटं केलं, उजेडाकडे धरलं. आतून मधोमध एक बारीक भोक दिसतं, सुईएवढं. ते आरपार हवं. तिथूनच वारा आत जात असणार. वारा आत गेला नाही तर घासलेट खाली उतरणार कसं? डब्याला एकच भोक पाडलं तर तेल धड पडत नाही, दुसरं पाडावं लागतं. रोज स्वयंपाकघरात बघते, आणि इथे दहा दिवस सुचू नये!

वरून भोक दिसेना. नखाने खरवडलं.

कुंकू होतं.

कुंकू घट्ट बसलेलं, खाली मेणासारखं काही चिकट — मुंबईचं वंगण असेल. टाचणीने सगळं उकरलं, फुंकर मारली, पदराने पुसलं. दयाराम आला तेव्हा एवढंच म्हटलं, "टोपणाचं भोक बुजलं होतं, मोकळं केलं." त्याने चाक फिरवलं. दोन तास! दोन तास न थांबता चाललं, आणि दयाराम लहान मुलासारखा इंजिनाभोवती फिरत होता.

मला मात्र हसू येईना. नीराबाईंचं म्हणणं खरंच केलं की मी!

सोमवार, २ एप्रिल

सगळ्या फळ्या कापून झाल्या. सुतार रात्रंदिवस ठोकताहेत. मी पुन्हा वखारीत जाते, कोणी काही म्हणत नाही.

गुरुवार, ५ एप्रिल

अण्णा दयारामवर उखडले. "एवढा खर्च करून इंजिन आणलंस, आणि साधं भोक बघितलं नाहीस? दहा दिवस फुकट घालवलेस! मचवा लोटला की तुझा हिशोब करून टाकतो." दयाराम खाली मान घालून म्हणाला, "चुकलं, अण्णा." त्याचं काय चुकलं? काही नाही!

मी तिथेच उभी होते. तोंड उघडलं नाही.

शनिवार, ७ एप्रिल

सांगितलं तर पाली ठरलेली. विधवेने कुंकवाला हात लावला, इंजिन अडलं — गावभर होईल. नाही सांगितलं तर दयाराम घरी बसेल, आणि मी रोज त्याच्या इंजिनापाशी मापं घेत उभी राहीन. ते मला जमायचं नाही. उद्या सांगणार. लिहून ठेवते, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

रविवार, ८ एप्रिल

सांगितलं. सकाळी, आत्याच्या समोरच. "अण्णा, दयारामला काढू नका. पाडव्याला टोपणावर कुंकू मी लावलं होतं. त्यानेच भोक बुजलं." सगळं बोलले.

अण्णा म्हणाले, "दयाराम राहील." आणि कोनाड्यातलं कोरं पोस्टकार्ड काढून खिशात घातलं. पालीलाच जाणार ते.

आत्या मला फाडून खाईल वाटलं होतं. ती उठून देवापाशी जाऊन बसली.

सोमवार, ९ एप्रिल

मचवा पाण्यात! केसर रडली, मग "उशीर केलास गो" म्हणून मला शिव्या दिल्या, मग पुन्हा रडली.

कार्ड अजून अण्णांच्या खिशात आहे.

मंगळवार, १० एप्रिल

अण्णा सकाळी कार्ड लिहायला बसले. आत्या आतून आली आणि त्यांच्या पुढ्यात एक चपटी पितळी डबी ठेवली. मेणाची. म्हणाली, "बाळाजी, नुसत्या ओल्या कुंकवाने भोक बुजत नाही. आमच्या वेळी आधी मेण लावत, मग कुंकू. पाडव्याला हिच्या आधी टोपणाला मीच लावून आले होते. पालीला धाडायचं तर दोघींना धाड."