मिस्बाहची बाटली आणि अब्बांचे कान

फिरोजाबाद,
जुम्मा, नमाजनंतर

नफीसाआपांना धाकट्या भावाचा, म्हणजे अकीलचा, अदबीने सलाम. (अदब पूर्ण आहे, हात एकच मोकळा आहे. दुसऱ्या हातात आमची लेक मिस्बाह आहे आणि ती माझ्या लिहिण्याकडे संशयाने बघते आहे.) तुमचे गुडघे कसे आहेत? दुल्हाभाईंची साखर आटोक्यात आहे ना? की अजून जिलबी लपूनच खातात? बरेलीत थंडी पडली असेल. इथेही पडली आहे म्हणतात, पण आमच्या घरात ती शिरत नाही, कारण सकाळपासून स्टोव्ह पेटलेला असतो आणि त्यावर बाटल्या उकळत असतात. तुम्ही मिस्बाहसाठी विणलेली टोपी पोचली. तुमच्या भावजयीचा, शगुफ्ताचा, उसवलेला जुना स्वेटर तुम्ही लोकरीसाठी मागून नेलात तेव्हा मी हसलो होतो, ते शब्द मागे घेतो. टोपी अगदी बेतशीर बसली आहे. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोन बैठकीत आहे आणि बैठकीत अब्बा आहेत, म्हणून हा कागद.

हकिकत अशी की शगुफ्ताची बाळंतपणाची रजा संपली. सोमवारी तिला शाळेत हजर व्हायचं आहे. न झाली, तर मुख्याध्यापिकाबाईंची भाची टपलेलीच आहे. (भाची गणितात कच्ची आहे, पण भाची आहे.) ही नोकरी मिळवायला शगुफ्ताने काय काय केलं ते तुम्हाला ठाऊक आहे. लग्नाच्या मेंदीचा रंग हातावर असताना ती परीक्षेला बसली होती, आणि तेव्हा मी चहा करायला शिकलो होतो. आता ती नोकरी चार महिन्यांच्या पोरीच्या जिभेवर लटकली आहे. मिस्बाह बाटलीला तोंड लावत नाही. आईपाशी गुपचूप पिते, पण बाटली दिसली की अशी किंचाळते की शेजारच्या शकूरमियाँची बकरीही तिला साथ देते. हे एवढंच असतं तर मी सोसलं असतं. पण बाटली आणायची ठरली आणि ती कशाची आणायची हा प्रश्न दोन म्हाताऱ्यांच्या कानावर गेला.

अब्बांचं म्हणणं तुम्ही डोळे मिटून सांगाल. जन्मभर बांगड्यांच्या भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस. त्यांनी स्पष्ट सांगितलं की ज्या गावातून अख्ख्या मुलखाच्या मनगटात काच जाते, त्या गावात, त्यांच्या घरात, त्यांच्या नातीच्या ओठाला प्लास्टिक लागणार नाही. शिवाय पोरीचं नाव मिस्बाह, म्हणजे दिवा. ते त्यांनीच ठेवलं आणि ठेवताना म्हणाले होते, "दिवा काचेतच शोभतो." तेव्हा आम्ही सगळ्यांनी वा वा केलं होतं. त्या वा वाची किंमत मी आता मोजतो आहे. दुसरीकडे माझे सासरे हाजीसाहेब, ज्यांचं आग्र्यात प्लास्टिकच्या बादल्या, टब आणि लोट्यांचं दुकान आहे. ते पेठ्याच्या डब्याबरोबर प्लास्टिकच्या बाटल्यांचं अख्खं खोकं घेऊन मुक्कामाला आले. मुलीच्या घरी फार दिवस राहू नये असं ते स्वतःच नेहमी म्हणतात. या वेळी म्हणाले नाहीत.

अब्बा बाजारातली काचेची बाटली आणू देतील तर ते अब्बा कसले. बाजारातली काच यंत्राची, तिच्यात माणसाचा श्वास नसतो, असं म्हणून त्यांनी आपल्या जुन्या दोस्ताला, खलील उस्तादांना गाठलं. उस्ताद तुम्हाला आठवत असतील, कंदिलाच्या काचा फुंकायचे. आता हात थरथरतो, पण दोस्ताच्या नातीसाठी त्यांनी पुन्हा नळी तोंडाला लावली आणि फुंकर घालून बाटल्या केल्या. आपा, बाटल्या इतक्या सुंदर की अब्बांच्या डोळ्यांत पाणी आलं. फक्त उस्तादांनी आयुष्यभर कंदिलाच्या काचा केल्यामुळे प्रत्येक बाटली मधे फुगीर आणि वर निमुळती झाली होती, आणि कुठल्याच दोन बाटल्यांचं तोंड सारखं नव्हतं. एकीवर निपल बसेना, दुसरीत ते आत पडलं. मी बगलेत बाटल्या धरून सदर बाजार पालथा घातला. एका दुकानदाराने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, अत्तर कोणतं विकता? शेवटी एका बाटलीला निपल दोऱ्याने बांधलं. मिस्बाहने ते एकदाच ओढलं, दोरा सुटला, आणि सगळं दूध माझ्या ईदच्या शेरवानीवर. (शेरवानी का घातली होती ते विचारू नका. उस्ताद बघायला येणार होते.)

मग बाटल्या फुटायला लागल्या. आपल्या घरात काच फुटली की काय म्हणतात, तुम्ही विसरला नसाल. कुणी ओरडायचं नाही, कपाळाला हात लावायचा नाही, "बला टळली" म्हणायचं. म्हणजे घरावर येणारं संकट काचेने आपल्या अंगावर घेतलं. अम्मी होत्या तेव्हा हे ठीक होतं, अधूनमधून एखादा पेला जायचा. आता रोज एक बाटली फुटते. उकळत्या पाण्यातून काढून थंड फरशीवर ठेवली, तडकली. अब्बा खूश. माझ्या हातातून निसटली, अब्बा म्हणाले, पोरीवरचं संकट गेलं, अल्लाचे आभार मान. मी केरसुणी घेऊन आभार मानत होतो. हाजीसाहेब लाकडी तख्तपोशावर बसल्या बसल्या म्हणाले, भाईसाहेब, या घरावर एवढी संकटं येतात तरी कुठून? यावर अब्बांनी मला पुढची बाटली उकळायला सांगितली.

मग हाजीसाहेबांची पाळी. त्यांना त्यांचा माल सिद्ध करायचा होता. मी पाया पडून सांगितलं की तुमचा माल मजबूत आहे हे सगळे मानतात, पण ते जिना चढून गच्चीवर गेले. तिथून मोहल्ल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ही आग्र्याची बाटली, हिला काही होत नाही, आणि खाली सोडली. खरंच तिला काही झालं नाही. ती गल्लीतून चाललेल्या शकूरमियाँच्या हातगाडीवर पडली आणि गाडीवर कारखान्यात निघालेल्या बांगड्यांच्या जुड्या होत्या. तो आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही. बाटली उसळली, गटाराच्या कडेला जाऊन उभी राहिली, आणि शकूरमियाँ हातगाडीकडे बघत बसले. थोड्या वेळाने सवयीने त्यांच्या तोंडून निघालं, बला टळली. मग त्यांच्या लक्षात आलं की टळलेली नाही, ती गच्चीवर उभी आहे, आणि ते जिना चढू लागले. शकूरमियाँना खाली आणायला अब्बाच पुढे झाले. आणि गच्चीवर हाजीसाहेबांना शांतपणे म्हणाले, "जे स्वतः फुटत नाही, ते दुसऱ्याला फोडतं."

इकडे आड तिकडे विहीर, आणि मी मधे दुधाचं पातेलं घेऊन. बुधवारी शगुफ्ताचा धीर सुटला. तुम्हाला माहीत आहे, ती सासऱ्यांपुढे डोकं वर करत नाही आणि वडिलांपुढे आवाज. त्या दिवशी बैठकीच्या दारात उभी राहिली आणि दोघांना म्हणाली, "अब्बा, बाबा, तिच्या तोंडात ना काच जाते ना प्लास्टिक. तिच्या तोंडात रबर जातं. भांडायचंच असेल तर कुणीतरी रबराचा व्यापारी शोधून आणा." मग आत जाऊन राजीनाम्याचा कागद काढून बसली. लिहीत नव्हती, नुसती बसली होती. आपा, मी तिला रडताना पाहिलं आहे, पण तशी बसलेली कधी पाहिली नव्हती. मला स्वतःची फार लाज वाटली.

म्हणून काल मी लबाडी केली. हाजीसाहेबांच्या खोक्यातली बाटली घेतली (निपल बसतं अशी घरात तीच होती), तिच्यावर लोकरीचं आवरण चढवलं, कुठलं ते शेवटी सांगतो, आणि शगुफ्ताला शकूरमियाँच्या बायकोकडे पाठवलं, म्हणजे सोमवारची तालीम व्हावी. पोरगी भुकेली झाली. मी बाटली पुढे केली. किंचाळायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात तिचा हात लोकरीवर पडला. ती थांबली. नाक लोकरीत खुपसलं, हुंगलं, आणि आपा, ती प्यायला लागली. भिंतीला पाठ टेकून मी तिथेच खाली बसलो. इतक्यात बैठकीतून अब्बांची हाक आली, पोरीचा आवाज का नाही? इकडे आण. न नेऊन करतो काय? नेली. त्यांनी तिला मांडीवर घेतलं, बाटली हातात घेतली. समोर हाजीसाहेब चहा पीत होते. त्यांनी विचारलं, "भाईसाहेब, या लोकरीच्या आत काय आहे?"

अब्बांनी भट्टीवरच्या सवयीने बाटलीला नखाने टिचकी मारली. काचेची 'टण्ण' येते ती मलाही कळते. ही 'ठप्प' अशी वाजली, कुणी पीठ भरलेल्या डब्यावर मारावी तशी. अब्बांनी मिस्बाहकडे पाहिलं. ती डोळे मिटून पीत होती. मग ते म्हणाले, "काच आहे. पक्की काच आहे."

हाजीसाहेबांनी मान डोलावली. त्यांची स्वतःची बाटली, आग्र्याची, त्यांच्या दुकानातली, आणि ते म्हणाले, हो, वजनावरूनच कळतं. आणि उरलेला चहा संपवला.

आपा, कालपासून मला अन्न गोड लागत नाही. जो माणूस गाडीकडे पाठ करून उभा असला तरी शंभरांतली तडकलेली बांगडी नुसत्या किणकिणीवरून सांगायचा, त्याला आज ठप्प आणि टण्ण कळू नये? अब्बांचे कान गेले. हाताचा अंदाजही गेला. भट्टीच्या धगीने शेवटी आपला हिशेब घेतलाच. आणि हाजीसाहेबांना मोतीबिंदू असावा, कारण स्वतःचा माल ओळखू न येणारा व्यापारी मी पाहिलेला नाही. शगुफ्ता सोमवारी शाळेत जाईल याचा आनंद करू की या दोन म्हाताऱ्यांच्या इंद्रियांचं दुःख करू, ते समजत नाही. बरेलीत कानाचा चांगला डॉक्टर आहे असं दुल्हाभाई मागे म्हणाले होते. त्याची चौकशी करून कळवा. अब्बांना मी काही निमित्ताने घेऊन येईन. त्यांना कळता कामा नये, फार मनाला लावून घेतील.

मुलांना प्यार, दुल्हाभाईंना आदाब, जिलबीबद्दल माझं नाव सांगू नका.

तुमचा, फार थकलेला,
अकील

ता.क. : ते लोकरीचं आवरण म्हणजे तुमची टोपी. बेतशीर बसली आहे असं वर लिहिलं ते खोटं नाही, फक्त मिस्बाहच्या डोक्यावर नाही, बाटलीवर. शगुफ्ताच्या स्वेटरचा वास तिला लागतो बहुतेक. पत्र लिहिण्याचं खरं कारण हेच. त्याच लोकरीच्या आणखी दोन टोप्या, हुबेहूब तशाच, मिळेल त्या माणसाबरोबर पाठवा. एक धुवायला, एक वापरायला. सोमवार तोंडावर आला आहे. मिस्बाहचं डोकं सध्या माझ्या मफलरमध्ये आहे.

ता.क. दुसरा : पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात अब्बा तिसऱ्या प्रहरच्या, अस्रच्या नमाजला निघाले आणि दारात थांबले. विचारलं, नफीसाला लिहितोस का? हो म्हणालो. काठी शोधत म्हणाले, "तिला सांग, या वेळी वीण दाट घाल. हिच्यातून प्लास्टिक दिसतं. मोहल्ल्यातले सगळे काही तिचे आजोबा नाहीत."

कानाच्या डॉक्टरचं राहू द्या, आपा. टोप्या तेवढ्या पाठवा.